पाहुणे गेल्यावर

ओर्नेलाचं काम तसं साधं होतं. सुट्टीवर येणाऱ्यांनी आपल्या तारखा कळवायच्या आणि तिने त्या तारखांत टेकड्यांवरची वाइनची तळघरं बसवून द्यायची. कुणाच्या मळ्यावर किती वाजता पोचायचं, कोण किती वाइन चाखायला देतो, मधलं जेवण कुठे घ्यायचं, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. दिवसाला दोनच तळघरं, असा तिचा नियम. तिसऱ्या तळघरापर्यंत माणसाची जीभ बधिर होते आणि तोंड मात्र सैल सुटतं. सकाळी अत्तर लावू नका, सपाट तळव्याचे बूट घाला, पायऱ्या ओल्या असतात. चाखलेली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, तिथे लाजू नका. हे ती प्रत्येकाला फोनवर सांगे, शांत आवाजात, शाळेतल्या बाईसारखी.

ती स्वतः मात्र कधीच खाली उतरत नसे. पाहुण्यांना तळघराच्या दारापर्यंत सोडायचं आणि आपण अंगणात नाहीतर स्वयंपाकघरात बसून राहायचं. मळेवाल्यांना त्याची सवय झाली होती. कुणी कारण विचारत नव्हतं, कारण आस्ती शहरापासून खालच्या नदीपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्रिएस्तेहून एका गृहस्थाचा फोन आला. नाव दुईलियो, वय सत्तरीचं. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवण्याची नोकरी करून निवृत्त झालेले. बायको नीवेस वसंतात गेली होती. लग्नानंतर, एक्याऐंशी साली, दोघं याच टेकड्यांवर फिरायला आली होती. तेव्हा पाहिलेली तीन तळघरं त्यांना पुन्हा पाहायची होती.

"एकटेच येणार?" ओर्नेलाने विचारलं.

"आता एकटाच की, सिन्योरा. नावं तिच्याच हातची आहेत, हॉटेलच्या कागदावर. वाचू?"

पहिलं नाव एवाझियोच्या मळ्याचं. दुसरं क्लेलियाच्या. तिसरं नाव ऐकलं आणि ओर्नेलाचं पेन थांबलं.

"तिसरं जमणार नाही," ती म्हणाली. "ते पाहुणे घेत नाहीत."

"असं म्हणू नका हो. त्या वेळी धुक्यात आम्ही रस्ता चुकलो होतो. त्या घरातल्या म्हाताऱ्याने आम्हाला आत घेतलं, सूप दिलं, रात्री झोपायला खोली दिली. नीवेस म्हणायची, आपला संसार त्या घरात सुरू झाला. मला तिथे काही चाखायचं नाही. नुसतं पाच मिनिटं उभं राहायचंय."

तो म्हातारा म्हणजे ओर्नेलाचा सासरा. त्या घरात तीही सून म्हणून नांदली होती, बारा वर्षं.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही ऑक्टोबरच होता, आणि शेवटच्या तोडणीची द्राक्षं हौदांत आंबत होती. ओर्नेला वरच्या खोलीत जर्मन पाहुण्यांना वाइन पाजत होती. सात वर्षांची नोएमी दोनदा येऊन तिचा झगा ओढून गेली. तिला काहीतरी दाखवायचं होतं. ओर्नेला दोन्ही वेळा म्हणाली, "आत्ता नाही गं, पाहुणे आहेत ना? ते गेले की बघते." तिसऱ्यांदा पोर आली नाही. ती एकटीच तळघरात उतरली. द्राक्षरस आंबताना जो वायू सुटतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. उभा माणूस त्यातून चालून येतो, त्याला काही होत नाही. सात वर्षांच्या मुलीची उंची ती किती! पाहुणे गेल्यावर ओर्नेला तिला शोधायला निघाली, तेव्हा नोएमी शेवटच्या पायरीपाशी कुशीवर निजल्यासारखी पडली होती. गालांवर लालीही होती.

त्यानंतर ओर्नेलाने ते घर सोडलं, नवराही सोडला. भांडण असं काही झालं नाही. सेकोंदो तिच्याकडे पाहायचा आणि ती त्याच्याकडे, आणि दोघांच्या मध्ये ती पायरी असायची.

तरी दोन दिवसांनी तिने फोन उचलला. नंबर बोटांना अजून पाठ होता.

"कोण?"

"मी."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा घरघराट ऐकू येत राहिला. तळघरातली हवा बाहेर काढणारा पंखा. तो मागाहून बसवला होता.

"एक पाहुणा आहे," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या ओळखीतला. एकटाच आहे."

"तू आणणार?"

"गाडी माझीच असते."

"मग आण," सेकोंदो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "अंगणातला कुत्रा नवा आहे. तुला ओळखणार नाही."

*

शुक्रवारी सकाळी आस्तीच्या स्टेशनवर दुईलियो उतरले. ठेंगणे, पाठीत किंचित वाकलेले, हातात टोपी. बूट सपाट तळव्याचे होते. ओर्नेलाला ते आवडलं.

एवाझियो फाटकात उभाच होता. पोट सुटलेला, लालबुंद, जन्मजात थट्टेखोर. "काय ओर्नेला, आज तरी उतरणार का? की लोकांना सांगत फिरतेस, एवाझियोच्या तळघरात घुशी आहेत म्हणून?"

"घुशी नाहीत, पण तू आहेस ना," ती म्हणाली. तो खदखदून हसला आणि दुईलियोंना घेऊन खाली गेला. ओर्नेला स्वयंपाकघरात हेझलनट फोडत बसली. खिडकीबाहेर धुकं वेलींच्या ओळींमधून मेंढरांसारखं सरकत होतं.

तासाभराने दोघं वर आले. दुईलियो अंगणात टेकड्या बघत राहिले. एवाझियो आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"एकच माणूस म्हणाली होतीस तू."

"एकच तर आहे."

"मग ती पोरगी कोण?"

ओर्नेलाला वाटलं, आता हा काहीतरी विनोद करणार. पण एवाझियोचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"त्याच्या पाठोपाठ उतरली की. तिशीची असेल. अंगावर पातळ झगा, या गारठ्यात! मला वाटलं, त्याचीच लेक. मी तिलाही ग्लास दिला. प्यायली नाही. नुसता वास घेतला आणि ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली. पोरं दुधाचा पेला धरतात ना, तसा. आम्ही निघालो तेव्हा दिसेना. म्हटलं, आधीच वर आली असेल तुझ्याकडे."

"माझ्याकडे कुणी आलं नाही, एवाझियो."

तो खाली जाऊन तीन ग्लास घेऊन आला. दोन रिकामे होते. तिसरा काठोकाठ भरलेला, आणि त्याच्या काचेवर दोन्ही बाजूंनी बोटांचे ठसे उमटले होते, ओलसर.

*

जेवायला ती दोघं गावातल्या खानावळीत बसली. लोण्यात घोळलेल्या भरल्या पास्त्याच्या चिमुकल्या घड्या समोर आल्या. ओर्नेलाला घास जाईना. सांगावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण समोरच्या माणसाने सवयीने आपल्या शेजारची खुर्ची बाहेर ओढून ठेवली होती आणि मग चटकन आत सरकवली होती. ते पाहून तिला राहवलं नाही. तिने एवाझियो जे बोलला ते सांगून टाकलं.

दुईलियोंनी काटा खाली ठेवला.

"तरुण होती?"

"तिशीची, म्हणाला."

"नीवेस तेव्हा अठ्ठावीसची होती," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की ओर्नेलाने नजर खाली वळवली. "म्हणजे ती आली. कागदावर तिनेच लिहिलं होतं ना, मग ती कशी राहील? मीच मूर्ख. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, सिन्योरा. आता… आता क्लेलियाबाईंकडे मी नीट बोलेन तिच्याशी. सहा महिन्यांचं साचलंय."

गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले.

क्लेलिया ही विधवा बाई, साठीची, काटक. नवऱ्यामागे तिने एकटीने मळा राखला होता. आल्यागेल्याशी मोजकं बोलायची. ती दुईलियोंना घेऊन खाली उतरली आणि ओर्नेला अंगणातल्या बाकावर बसली. तळघराचं दार उघडं होतं. आतून ओल्या दगडाचा आणि आंबट सफरचंदासारखा वास येत होता. चोवीस वर्षांत तो वास आला की ती उठून दुसरीकडे जाई. त्या दिवशी का कोण जाणे, बसून राहिली. खालून दुईलियोंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. घरच्या माणसाशी बोलावं तसा. मध्येच ते हसले. मध्येच थांबले, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

मग क्लेलिया एकटीच वर आली. हातातल्या फडक्याला पीळ देत होती.

"ओर्नेला, हा कसला माणूस आणलास गं? तासभर भिंतीशी बोलतोय. आणि त्याच्या पाठीमागे ती पोर उभी, तिच्याकडे एकदा वळून बघितलं नाही त्याने. शेवटी मलाच दया आली. मी म्हटलं, बस गं बाळ. तर हसली. हात तोंडावर धरून."

"हात तोंडावर?"

"लाजत असेल. बुटकीशी, कपाळावर केस कापलेले. चांगली घोडनवरी बाई, आणि वरचे पुढचे दोन दात नाहीत. लहान मुलांचे पडतात ना, तशी खिंड. बोलते पण तशीच, शब्दांतून वारा जातो. मला म्हणाली…"

क्लेलिया थांबली. दारात दुईलियो उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"दोन दात नाहीत?" ते हळूच म्हणाले. "बुटकी?"

क्लेलियाने मान हलवली.

"नीवेस माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे." ते बाकावर ओर्नेलाशेजारी बसले. टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती आणि ती गोल गोल फिरवत होते. "म्हणजे मी तासभर दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकीला सगळं सांगत बसलो. आजारपणातलं सगळं. मी नीवेसला दवाखान्यात एकटी सोडून रात्री घरी झोपायला गेलो होतो… तेही सांगितलं. नीवेसने ते ऐकलंच नाही."

ओर्नेलाला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात उचलला जाईना. तिच्या डोळ्यांपुढे एक सात वर्षांचं तोंड होतं. त्या आठवड्यात नोएमीचे वरचे दोन दात पडले होते, एक मंगळवारी आणि एक शुक्रवारी. हसली की ती तोंडावर हात धरायची, कारण शाळेत पोरं चिडवत.

"क्लेलिया," तिने विचारलं, आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "ती काय म्हणाली तुला?"

"काही विशेष नाही गं. मला विचारलं…" क्लेलियाने आधी दुईलियोंकडे, मग ओर्नेलाकडे पाहिलं. आता तिच्याही ध्यानात काहीतरी येऊ लागलं होतं, आणि तिचा आवाज बारीक झाला. "म्हणाली, आईचे पाहुणे अजून गेले नाहीत का?"

*

त्या रात्री ओर्नेला दिवा लावून बसून राहिली. चोवीस वर्षांत तिने किती पाहुणे आणले असतील या टेकड्यांवर? हजारो. एक गट गेला की दुसरा. एकही आठवडा रिकामा जाऊ दिला नव्हता, कारण रिकाम्या आठवड्याची तिला भीती वाटायची. आणि प्रत्येक वेळी ती वर, दारापाशी. खाली किती जणांनी आजवर त्या पोरीला पाहिलं असेल आणि कुणाची तरी लेक समजून ग्लास दिला असेल? पोर वाट बघत होती. वाट बघता बघता वाढली होती. दात तेवढे आले नव्हते.

सकाळी हॉटेलच्या पायरीवर दुईलियो तयार होऊन उभे होते. डोळे सुजलेले होते, पण दाढी नीट केलेली.

"तिसरं तळघर तुमच्या घरचं आहे, हो ना?" ते म्हणाले. "हॉटेलवाल्याने काल सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, त्याला रागावू नका."

ओर्नेलाने मान हलवली.

"मला घेऊन चला. मी करायचं ते करतो."

सेकोंदोच्या अंगणात गाडी शिरली तसा कुत्रा साखळी ताणून भुंकायला लागला. ओर्नेला खाली उतरली. कुत्रा एकदम गप्प झाला, तिला वळसा घालून तिच्या पाठीमागे गेला आणि तिथे जमिनीवर हनुवटी टेकून निजला. सेकोंदो दारातून हे पाहत होता. पार पिकला होता. हात तेवढे तसेच होते, मोठे, द्राक्षांच्या रसाने नखांपर्यंत जांभळे.

ओर्नेलाने अंगणातच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता. सांगून झाल्यावर तो विचित्र हसला.

"एवाझियोकडे? त्या विदूषकाकडे गेली?"

"सेकोंदो…"

"रोज उतरतो मी. चोवीस वर्षं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पंखा बंद करून बसतो, की त्या आवाजाला भीत असेल. तिचं ते लाकडी बदक ठेवलंय खाली. माझ्याकडे एकदा नाही आली, ओर्नेला. एकदा नाही." त्याने जांभळ्या हाताने तोंड पुसलं. "कशी दिसते? मोठी झाली म्हणतेस… कुणासारखी दिसते?"

"मी पाहिलं नाही रे. मी खाली जातच नाही ना."

तेव्हा दुईलियो पुढे आले. त्यांनी सेकोंदोशी हात मिळवला. "तुमच्या वडिलांनी मला आणि माझ्या बायकोला या घरात आसरा दिला होता. ते सांगायला आलो होतो, सांगून झालं." मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "या घरात पाहुणा मी एकटाच आहे. तेव्हा मी निघतो. फाटकाबाहेर, वळणापर्यंत. दिसणार नाही एवढा लांब."

"पाच मिनिटं तरी उभे राहा," ओर्नेला म्हणाली. "त्यासाठी तर आलात."

"नीवेस असती तर तिनेच मला दंडाला धरून बाहेर काढलं असतं," ते म्हणाले. फाटकापर्यंत त्यांचे बूट वाजले. मग ते धुक्यात शिरले आणि आवाजही मिटला.

सेकोंदोने मेणबत्ती पेटवली. या भागातली जुनी रीत. रस आंबण्याच्या दिवसांत खाली जाताना मेणबत्ती गुडघ्याखाली धरायची. ज्योत मिणमिणली की परत फिरायचं. तो पुढे झाला. ओर्नेलाने भिंतीवर हात ठेवला आणि पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. पायऱ्या एकवीस होत्या. ती विसरली नव्हती.

खाली गार होतं. हौदांत रस बुडबुडत होता, झोपेत कुणी पुटपुटावं तसा. पंखा एका बाजूला घरघरत होता. सेकोंदोने जाऊन तो बंद केला, आणि मग ते पुटपुटणं सगळीकडून ऐकू येऊ लागलं. कोनाड्यात लाकडी बदक होतं.

"काय म्हणायचं तिला?" त्याने विचारलं. कुजबुजत.

ओर्नेला शेवटच्या पायरीपाशी गेली आणि जमिनीवर बसली, जिथे नोएमी सापडली होती तिथेच. मग कुशीवर टेकली. दगड गालाला लागला.

"निजू नकोस खाली! ऊठ, पंखा बंद आहे."

"थांब रे जरा. इथूनच बोलायला हवं."

ती त्या अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "नोएमी. पाहुणे गेले गं. सगळे गेले. काय दाखवायचं होतं ते दाखव. ये."

बुडबुडे चालू होते. सेकोंदोच्या हातातली ज्योत लांब होऊन पिवळी पडली. ओर्नेलाला झोप येऊ लागली. भीती नव्हती, दुःखही नव्हतं, नुसतं जडपण. डोळ्यांवर कुणीतरी उबदार तळवा ठेवल्यासारखं वाटत होतं. एवढं सोपं होतं तर, असं तिच्या मनात आलं. नोएमीला दुखलं नव्हतं तर. आणि हे कळताच तिला वाटलं, आता इथून उठायची काही गरज नाही.

"ओर्नेला! मेणबत्ती गेली. ओर्नेला!"

अंधारात सेकोंदोचा हात तिच्या मनगटावर पडला. त्याने तिला ओढलं. तिचे पाय चालत नव्हते. तो ओढत होता, खोकत होता, पायऱ्यांवर ठेचकाळत होता. आणि मागून, तिच्या कमरेशी, दोन तळहात तिला वर ढकलत होते. जोर लावून, थांबून, पुन्हा जोर लावून. एकवीसच्या एकवीस पायऱ्या.

अंगणात दोघं गुडघ्यांवर पडली. हवा छातीत सुरीसारखी शिरली. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं.

"तू मागून ढकलत होतास?"

"मी पुढे होतो," सेकोंदो म्हणाला. "मी तुझा हात सोडलाच नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग तो रडायला लागला. ओर्नेलाने त्याचं डोकं आपल्या कुशीत घेतलं, चोवीस वर्षांपूर्वी घ्यायला हवं होतं तसं. कुत्रा तळघराच्या दारात उभा राहून आत बघत होता. मग त्याने हळूहळू मान वळवली, दारापासून गाडीपर्यंत, कुणी चालत जावं आणि आपण बघत राहावं तशी.

*

दुईलियो वळणावरच्या देवमातेच्या लहानशा देवळीपाशी दगडावर बसले होते. थंडीने नाक लाल झालं होतं. सेकोंदोने त्यांच्यासाठी एक्याऐंशी सालची बाटली दिली होती, वडिलांच्या हातची. ओर्नेलाने ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"मला दिसली नाही."

स्टेशनवर उतरताना ते खिडकीशी वाकून म्हणाले, "सिन्योरा, काल मी तिला नको ते सगळं सांगून बसलो. मोठ्या माणसांचं. कधी भेटली तर सांगा, म्हाताऱ्याला माफ कर म्हणून."

आगगाडी सुटेपर्यंत ओर्नेला थांबली. मग घरी निघाली. शहराबाहेरच्या उतारावर तिच्या मोटारीत टिंगटिंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नसला की वाजतं ते. सीट रिकामी होती. तिची पर्सही मागे होती. ती एक मैलभर तशीच गेली. वाजणं थांबेना. तिने गाडी कडेला घेतली, हात लांब करून तो पट्टा ओढला आणि खिट्टीत अडकवला. आवाज बंद झाला.

पट्टा सीटला टेकला नाही. सीटपासून वीतभर अंतरावर तो ताणलेला राहिला, कुणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा. आणि हलत होता. वर, खाली. वर, खाली. भराभर, दम न पुरणाऱ्या माणसासारखा.

ओर्नेलाने चारही काचा खाली केल्या.

त्या हिवाळ्यात तिने नवे पाहुणे घेतले नाहीत. रविवारी ती सेकोंदोकडे जेवायला जाई, एवढंच. जानेवारीत बर्फ पडलं तरी तिची मोटार चारही काचा उघड्या ठेवून टेकड्यांवरून फिरताना लोक बघत. ती डोक्याला लोकरी रुमाल गुंडाळून, निळ्या पडलेल्या हातांनी चाक धरून बसलेली, आणि शेजारच्या सीटवर पट्टा लावलेला. एकदा दाट धुक्यात क्लेलियाने हात करून तिला थांबवलं.

"काचा वर कर गं बाई, गारठून मरशील अशाने!"

"तिला हवा पुरत नाही," ओर्नेला म्हणाली.

क्लेलिया पलीकडच्या खिडकीशी वाकली. सीटवर कुणी नव्हतं. पण खिडकीतून आत येणारं धुकं त्या सीटपाशी, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बारीक धाग्यासारखं होऊन एकाच जागी ओढलं जात होतं. क्लेलिया श्वास धरून कितीतरी वेळ बघत राहिली. धुकं आत जात होतं, थोडं थोडं, सारखं.

बाहेर येत नव्हतं.